वाजवी किंमत

ब्लू रॉक्सच्या रस्त्यावर धुकं असं बसलेलं
की ऑर्पा मॉसमनची शेड मला आधी वासानं सापडली:
डांबर, ओला दोर, दगडी कोळशाची जुनी राख.
"ही," ती म्हणाली, आणि ऐरणीवरून
बटाट्यांची पाटी, कडक झालेले ब्रश, मुका रेडिओ
सगळं एकेक करून खाली ठेवलं.
बाप गेल्यापासून ऐरणीचं टेबलच झालं होतं.

मी वाजवून पाहिल्याशिवाय
वाजवी किंमत सांगत नाही.
पण वाजवण्याआधी वाचायचं असतं.
रंगाचे तीन थर; सर्वांत आत हिरवा,
कुठल्याशा होडीचा उरलेला.
ग्राइंडर लावणारे गाढव असतात,
गंजाबरोबर सहीही खरवडून मोकळे होतात.
मी चिमूटभर मैदा मागितला.
"बिस्किटं लाटणार आहेस का तिच्यावर?"
कंबरेवर मैदा चोळला, टॉर्च आडवी धरली,
उजेड तिरपा झाला तसे आकडे वर आले,
खोल पाण्यातून कॉड यावा तसे, जड, सावकाश:
१ · २ · १४.

"सन बाराशे चौदा?"
नव्हे बाई. हे इंग्लंडातलं जुनं वजन.
पहिल्या घरात एकशे बारा पौंडांचं माप,
दुसऱ्यात त्याचे पाव,
तिसऱ्यात सुटे पौंड.
एकशे बारा, छप्पन्न, चौदा:
एकशे ब्याऐंशी.
घडवणाऱ्याच्या नावातलं एकच अक्षर उरलंय,
तेही 'पी' की 'आर' कळत नाही.
त्याला पाय होता की नव्हता
यावर दोनशे डॉलर अडलेत.

मग पोलादी गोळी. दहा इंचांवरून सोडली,
मधोमध आठ इंच उसळली: तोंड अजून तरुण.
टाचेकडे जेमतेम तीन. आत कुठंतरी
पोलादाचा थर लोखंडापासून सुटलाय.
चौकोनी भोक मूळचं.
गोल भोक नंतर कुणी हातानं पाडलेलं, वाकडं,
म्हणजे घडणीत ते नव्हतंच,
म्हणजे ही माझ्या पणजोबांच्या आजोबांना
'अरे-तुरे' करू शकेल. बहुधा.
आमच्या धंद्यात सगळा ठोकताळाच,
फक्त तो ठोकून सांगायचा.

काट्यावर भरली एकशे एकोणऐंशी.
तीन पौंड कुठं गेले?
"डोरींच्या नांगरांत," ऑर्पा म्हणाली,
"चर्चच्या बिजागऱ्यांत. नाहीतर आमच्या नाकात."
ऐरण झिजून मालात मिसळत नसते,
तिला सांगितलं. तरी वहीत
'तीन कमी' लिहिताना पेन्सिल अडखळली.

शिंगाखाली, डाव्या कुशीला, छिन्नीचे घाव:
ओळीनं सात, आठवा अर्धवट.
मी लिहिलं: नासधूस, वजा चाळीस.
"नासधूस कसली," ती म्हणाली.
"टायटस, माझा बाप,
ज्या हिवाळ्यात रमला शिवला नाही
त्या हिवाळ्याचा एक घाव घालायचा. एप्रिलात."
"आणि हा आठवा?"
"त्या वर्षी घाई केली. मार्चातच कोरायला बसला.
निम्म्यात एझ्रा कॉरकम बाटली घेऊन आला."

मी वही मिटली. पुन्हा उघडली.
एकशे एकोणऐंशी गुणिले पाच, आठशे पंचाण्णव.
टाचेचे शंभर गेले, सातशे पंचाण्णव.
त्यातून चाळीस...
"सातांचे वाढव," ती मैद्याचे हात झटकत म्हणाली,
"आठव्याचे कापून घे.
लबाडी त्यालाही चालली नसती."

माझ्या वहीत असा रकाना नव्हता.
हातोडी घेऊन मी एकदाच, मधोमध, हलकेच मारली.
नाद शेडबाहेर गेला,
धुक्यात कुणाचा तरी कुत्रा भुंकला,
मग बराच वेळ
आम्ही दोघंही काही बोललो नाही.

ऑर्पानं बटाट्यांची पाटी उचलली, रेडिओ उचलला,
सगळं परत जागच्या जागी ठेवलं.
कंबरेवरचा मैदा मात्र
पुसला नाही.